उपाशीपोटी

एप्रन सापडला शेवटी, कपाटाच्या तळाशी,
बाळंतपणातल्या गाउनखाली घडी घातलेला.
खिशात कापसाचा बोळा, कडक झालेला,
आणि एक स्टिकर, कुठल्याच नळीला न लागलेलं:
पेडणेकर एस. जी., वय ६१, जेवणानंतर दोन तास.
कोण होत्या या बाई?
आता सदुसष्टच्या असतील.
असतील ना?

दुसरं बटण लागत नाही.
तिथे सासूबाईंनी हूक शिवून दिला,
मी सुई हातात घेत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.
का, ते कुणी विचारत नाही.

मॅनेजर कोवळा पोरगा होता. कागद उलटत म्हणाला,
सहा वर्षांची गॅप आहे, मॅडम.
जणू माझ्या दातांतच फट दिसली त्याला.
म्हटलं, हो. आधी मुलगा, मग आई.
एवढंच म्हटलं.
सांगितलं नाही, की शेवटच्या महिन्यात
तिच्या हातांत शिरा उरल्या नव्हत्या.
नर्स कंटाळून गेली, तेव्हा मीच बसले पलंगाशी,
एका सकाळी चाळीस हात उरकणारी मी,
आणि आईची शीर बोटाखालून सरकत राहिली
ताटातल्या शेवईसारखी.
चारदा टोचलं.
"राहू दे गं," ती म्हणाली, "तुझं नाही चुकत. मीच सुकलेय."

उद्या साडेसहा वाजता.
कन्नमवार नगरच्या बाजारात, मिठाईच्या दुकानावर लॅब,
खाली जिलेबी तळायची, वर साखर मोजायची.

रात्री मोरजकर काका आले, दार लोटून, नेहमीसारखे.
बाही आधीच वर सारलेली.
गोदीत बत्तीस वर्षं क्रेन चालवली त्या हातांनी.
"घे. दोरखंड आहेत नुसते. अंधारातही सापडतील.
टोचू नकोस, फक्त शोध."
मी रबरी पट्टा बांधला.
"हात थरथरतोय," म्हटलं.
"माझा की तुझा?"
आणि खरंच कळेना.

मग त्यांचं सुरू झालं.
पाय मोडून आठ महिने घरी होतो म्हणाले.
परत गेलो त्या दिवशी शिडी चढलो,
केबिनमध्ये बसलो, डबा खाल्ला आणि उतरलो.
"आणि काम?"
"तेच काम झालं त्या दिवशी.
कालवणात मीठ नव्हतं, एवढं आठवतंय."

मी डोळे मिटले.
कोपराच्या खळग्यात तर्जनी ठेवून बसले.
आधी नुसती कातडी, म्हातारी, सैल.
मग खालून काहीतरी सावकाश वर आलं,
दाबलं की दबणारं, सोडलं की उसळणारं.
अगं बाई.
मी काहीच आठवलं नव्हतं.
बोटानेच ओळखलं, मला न विचारता.

तरी झोप नाही.
गजर दोनदा पाहिला, गॅस तीनदा.
ओजस कूस बदलत म्हणाला,
आई, तू उद्या सगळ्यांना टोचणार?
हो.
ते रडले तर?
फुंकर घालीन.
मोठी माणसं असली तरी?
यावर मला काही सुचेना, तोवर तो झोपला.

पावणेसहाला खाली उतरले.
दूधवाल्याच्या सायकलीपाशी मोरजकर काका उभे,
कानटोपी, बगलेत रिपोर्टांची जुनी फाईल.
पाचच्या ठोक्याला चहा नाही मिळाला
तर इमारत डोक्यावर घेणारा माणूस.
"एवढ्या पहाटे कुठे?"
"काल रात्री आठपासून उपाशी आहे,"
ते चक्क माझ्यावरच खेकसले,
"डोकं ठणकतंय. चल लवकर.
पहिला नंबर माझा लावायचा.
आणि हे बघ, चुकलीस तर
दुसरा हात आहे."