सिंहिणीचं दूध

फेहिंतोला नीळ घोळते,
अबेओकुटात, खडकाच्या पायथ्याशी.
कोपरापर्यंत निळे हात.
रविवारी पांढरा झगा घालून अनवाणी प्रार्थनेला निघते
तेव्हाही नखं निळीच.

तिचा अदिगुन चार वर्षं कच्च्या कैदेत आहे.
फोन चोरल्याचा आरोप.
साक्षीदार गाव सोडून गेला, फाइल सापडत नाही,
न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख.
ती डब्यातून अमाला नेते. अर्धा शिपाई खातो.

तिची आई म्हणायची,
ज्याच्यापाशी सूरू आहे तो सिंहिणीचंही दूध काढील.
सूरू म्हणजे धीर.
माझ्या भाषेत सुरू म्हणजे आरंभ, असं मी सांगितलं
तर खळखळून हसली:
‘म्हणजे माझं सूरू संपलं
की त्याचा खटला सुरू?’

मग बराच वेळ काठीनं रांजण ढवळत राहिली.
धार काढणाऱ्याची बोटं म्हणीत कुणी मोजत नाही, म्हणाली.
पहिलं वर्ष नुसतं लांब बसायचं,
आपला वास तिच्या नाकाला सवयीचा होईपर्यंत.
दुसऱ्या वर्षी हातभर पुढे.
आणि भांडं रिकामं आहे
हे तिला कळू द्यायचं नाही.

पाळकांनी ईयोबावर प्रवचन केलं.
सगळं दुपटीनं परत आलं: मेंढरं, उंट, बैलजोड्या.
फेहिंतोला मागून पुटपुटली,
लेकरं मात्र दहाच. दुप्पट नाहीत.
आणि तीही दुसरी दहा.
पहिल्या दहांची नावं
त्यांच्या आईनं कुठं ठेवली असतील?

शुक्रवार तिला कळतो.
रविवार सगळ्यांनाच कळतो, ढोल वाजतात.
तिचा येशू शनिवारचा.
तोंडाशी धोंडा, आत अंधार,
आणि बाहेर कुठल्याशा घरात
सुगंधी मसाल्यांची पुरचुंडी मांडीवर घेऊन
बायका बसलेल्या,
उद्याचं काहीही ठाऊक नसताना.

आज तिनं कापड रांजणातून उचललं
तर ते हिरवं, शेवाळासारखं.
बिघडलं, मी म्हटलं.
थांब, म्हणाली.
वारा लागला,
कडेकडेनं निळं चढत गेलं.

तिनं ते दोरीवर टाकलं,
हात पुसले, पुसून काही फरक पडत नाही तरी.
भेटीचा वार होता.
डबा भरायला घेतला,
शिपायाचा वाटा
आधी वेगळा बांधून ठेवला.