झोपेला खिसा

शांघायमध्ये आमची गल्ली होती तेव्हा
घर कुठे संपतं हे कुणी आखून ठेवलं नव्हतं.
मोरी सामाईक, चूल सामाईक,
संडास कोपऱ्यावर, आणि त्याच्या अलीकडे
माझं शिलाई मशीन.

कापडाची कुपनं होती तोवर
माणसं झोपायची ती दिवसाच्या उरल्यासुरल्यात:
बाह्या कापलेला गंजी, नवऱ्याची विरलेली विजार.
रात्रीसाठी वेगळं कापड फाडायचं
ही कल्पनाच चैनीची.

कुपनं गेली त्या हिवाळ्यात
सूतगिरणीतली छू यूफेन आली,
काखेत पॉपलिन. जांभळी फुलं.
म्हणाली, झोपायचा जोड शिव. कॉलर हवी.
आणि खिसा.
मी म्हटलं, बाई, झोपेला खिसा कशाला?
तिने माझ्याकडे पाहिलं,
माप चुकलेल्या शिंप्याकडे पाहावं तसं.

जोड नेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला,
तोच घालून, केसांना पिना, पायात कातडी बूट,
ती बाजारातून आली.
खिशात सुटे पैसे, हातात तडफडता मासा.
अख्ख्या गल्लीने पाहिलं:
हिच्याकडे नुसतं झोपायला म्हणून कपडे आहेत!
महिन्याभरात मी बावीस जोड शिवले.
सगळ्यांना खिसा.

मग शहरात परदेशी पाहुणे यायचे ठरले.
गल्लीच्या तोंडाशी
दंडाला लाल पट्टी बांधलेली पोरं उभी राहिली.
आजी, हे घालून बाहेर नाही यायचं.
यूफेन म्हणाली, बाहेर कुठे? मी अजून गल्लीत आहे.
पोरगं हसलं. वहीत काहीतरी लिहिलं.
जे मिरवलं त्याचीच लाज वाटायला
पंचवीस वर्षं लागली,
की ती एकच सकाळ?

गल्ली पाडली. यूफेन अठराव्या मजल्यावर गेली.
परवा तिची नात आली. ती म्हणे
वर कोट, खाली पायजमा, अशी
स्क्रीनसमोर बसून नोकरी करते.
पिशवीत तोच जोड. फुलं धुऊन धुऊन राखाडी.
आजी म्हणते, खिसा काढून टाका.
खाली उतरणं होत नाही आता,
आणि कुशीवर वळलं की टोचतो.

मी टाके उसवले. शिवणीत
पातीच्या कांद्याची वाळकी काडी,
दहा पैशांएवढं नाणं.
खिसा सुटला
आणि खाली तळहाताएवढा चौकोन,
जांभळाजर्द,
ताग्यातून कालच फाडल्यासारखा.

नात वाकून बघत म्हणाली,
हे ठिगळ कधी लावलंत?