धोट्याची मूठ

अप्पांचा वस्तरा सुटा केला
तर रिबिटीखाली निघालं
साबणाचं वाळलेलं पीठ,
केसांची चार खुंटं, काळी की पांढरी कळेना,
आणि कापसाची लव, चिमूटभर.
गिरणीच्या दारातली खुर्ची ती.
पहिल्या भोंग्याआधी वीस गाल,
रात्रपाळी सुटली की आणखी तितकेच.
"फुंकून टाक," अप्पा म्हणाले.
मी कागदात पुडी बांधली.
त्यांना सांगितलं नाही.

जुनी मूठ म्हशीच्या शिंगाची.
पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्रीत
शिंगसुद्धा वाकतं सोलापुरात.
मग कसर लागली एका बाजूनं,
मग चीर गेली आरपार.
पातं तेवढं जसंच्या तसं. बुडाशी
कुठल्याशा जर्मन गावाचं नाव,
तीन अक्षरं शिल्लक,
बाकीची सहाणेनं खाल्ली.

दुकानात भाऊ आता अर्धं ब्लेड मोडून घालतो,
गिऱ्हाईकागणिक नवं.
तेच बरं, अप्पाही म्हणतात.

लहानपणी धोकटीला हात लावला
म्हणून उंबऱ्याबाहेर उभी होते दुपारभर:
पोरीच्या जातीनं वस्तऱ्याला शिवू नये,
धार जाते.
आता त्यांचा हात लागला की
कप बशीत वाजत राहतो.
परवा धोकटी माझ्या पुढ्यात सरकवली,
आणि खिडकीकडं बघत बसले.

लाकूड राजमल्लूमामांनी दिलं.
साखर पेठेतला त्यांचा माग भंगारात गेला
तेव्हा माळ्यावर एक धोटा राहिला होता,
टोकाला मोडका.
"घेऊन जा की. यात आता कांडी कोण भरतंय?"

धोट्याच्या दोन भिंती उभ्या चिरल्या.
वीतभर, पातळ, दोन फाळ्या.
कानस, मग पॉलिश पेपर,
आधी खरखरीत, मग बारीक,
मग नुसता तळहात.
एकीच्या कडेला सुताची खाच होती.
त्याच एका जागेवरून इतकं सूत गेलेलं
की टणक लाकडात वाट पडलेली.
कागद तिथवर नेला
आणि थांबले.

रिबिटीला पितळी तार.
वायसर एका बटणातून कापले,
कोण गिऱ्हाईक कोट विसरून गेलं होतं
आणि परत आलंच नाही.
शेपटाला शिशाची पाचर.
हातोडी सोनाराकडून मागून आणली.
ठोकायचं म्हणजे ठोकायचं नसतं,
टिचक्या मारायच्या, दोनशे, तीनशे,
पितळ आपण होऊन पसरेपर्यंत.

पहिल्यांदा घट्ट झालं.
"वस्तरा केलास का अडकित्ता?"
पुन्हा खोललं. दुसऱ्यांदा ढिलं,
पातं स्वतःच्या वजनानं लोंबायला लागलं.
"हा माणूस मारतोय बघ एखादा."
तिसऱ्यांदा मीच बोलले नाही काही.
त्यांनी अर्धा उघडून सोडला.
जिथं सोडला तिथं थांबला.

अंगठा मुठीवरनं फिरला,
चाचपडला,
खाचेत जाऊन बसला.
हात थरथरतच होता.
वस्तरा वाजत नव्हता, एवढंच.

संध्याकाळी राजमल्लूमामा आले,
तीन दिवसांची दाढी घेऊन,
मुद्दाम वाढवली असणार.
फेस अप्पांनीच केला, ब्रश दोन्ही हातांत धरून.
चामड्याच्या पट्ट्यावर पातं मी ओढलं,
जातं उताणं, येतं पालथं,
हे कुणी शिकवलं नव्हतं,
उंबऱ्याबाहेरून दिसत होतं.

"गाल ताण," अप्पा म्हणाले.
"केसाच्या कलानं जा. आणि आवाज ऐक.
कोरडा आला तर कोन चुकला."

कानशिलाखाली पातं टेकवलं.
मी श्वास धरला होता.
मामांनी नाही.