पातळीची वही

चाळीस वर्षं मी स्खेल्डेच्या दारांवर होतो.
वरचं पाणी किती, खालचं पाणी किती,
दर तासाला वहीत लिहायचं,
पेन्सिलीनं, कारण शाई गारठते.
वाळूची बोट आली की दार लावायचं,
पाणी भरू द्यायचं,
आणि घायकुतीला आलेल्या नावाड्याला सांगायचं,
बाबा रे, पाणी आपल्याच पायांनी चढतं.

आज गोदेलीव्ह घरी नाही.
मनगट मोडलंय तिचं, सायकलवरून पडून,
बर्फावर नाही, उन्हात, कोरड्या रस्त्यावर.
हे ती नर्सला दोनदा सांगते.
उद्या दहाला सोडणार आहेत.
उद्या रविवार.
रविवारी आमच्याकडे वॉफल असतात
आणि माझ्या हातून ते आजवर झालेले नाहीत.

फोनवर विचारलं, दूध किती?
म्हणाली, पुरेल एवढं.
कोमट म्हणजे किती कोमट?
रोमीच्या अंघोळीला घ्यायचो तेवढं.
रोमी आता एकेचाळीस वर्षांची आहे.
तरी कोपर बुडवलं,
आणि कोपराला आठवलं.

यीस्ट, मैदा, वितळलेलं लोणी, साखर चिमूटभर.
निळ्या भांड्याला बाहेरून खडूनं रेघ मारली:
शून्य.

९.०० — काही नाही.
१०.०० — काही नाही. वास ओल्या पोत्याचा.
११.०० — रेघेवर दोन बोटं.
एक बुडबुडा, मेंढीच्या डोळ्याएवढा.
१२.०० — चार बोटं. वरचं फडकं पोटुशी.

मग खुर्चीतच डोळा लागला.
नोकरीत असा एकदाच लागला होता, सत्याहत्तर साली,
कुणाला कळलं नव्हतं.
तिला सोडून.

३.२० — उतू गेलं.

टेबलावर, विजेच्या बिलावर,
तिच्या चष्म्याच्या घरावर,
तिथून फरशीवर, सावकाश,
कुणाची परवानगी न घेता.
उठून मी पहिल्यांदा काय शोधलं, सांगू?
दाराचं चाक.
हात हवेतच फिरला.

चमचा घातला तर फुस्स करून बसलं सगळं,
रुसलेलं माणूस मध्येच हसून टाकतं तसं.
उतलं होतं, मातलं नव्हतं.
वहीत लिहिलं: नुकसान दोन वाट्या. बिल वाचता येतं.

सकाळी अंडी फोडली.
तिच्या आईचा बिडाचा साचा
गॅसवर दोन्ही अंगांनी तापवला.
पहिला चिकटला.
पहिला चिकटतोच, असं ती म्हणते
आणि तो उभ्या उभ्या स्वतः खाते, आवडतो म्हणून.
आज मी खाल्ला.
तो कुणाला आवडण्यासारखा नसतो.

दुसरा सुटला, अलगद,
चर खणलेल्या आमच्या शेतांसारखा चौकोन चौकोन.

१०.४० — रोमीनं गाडीतून उतरवलं तिला.
डाव्या हातानं तुकडा मोडला,
लोणी मला लावायला सांगितलं,
बराच वेळ चावत राहिली.
मीठ विसरलास.
११.०० — तीन खाल्ले.
११.१० — चौथा घेताना म्हणाली,
हलके झालेत पण. जागा होतास की काय रात्री?
मी म्हटलं, छे.

तिनं चष्म्याचं घर हातात घेतलं,
कडेला वाळलेलं पीठ नखानं खरवडलं,
आणि वहीकडे बघितलं नाही.