कानाडोळा

विल्यांडीत आता औषधाची चिठ्ठीसुद्धा कागदावर मिळत नाही.
गाडी उभी करायची तर फोन,
तळ्याकाठची सौना ठरवायची तर फोन,
काल्यू गेला तेव्हा त्याच्या मुलानं
स्मशानाच्या फाटकाशी उभं राहून
सगळ्या नोंदी अंगठ्यानंच उरकल्या.
मी माझं बटणांचं डबडं काढतो
तेव्हा औषधवाली पोरगी असं बघते
जसा काही मी दुकानात घोडा आणलाय.

मी पियानो जुळवतो. एकेचाळीस वर्षं.
एक किल्ली, नमद्याची लाल पट्टी
आणि बापाचा नादकाटा.
गुडघ्यावर आपटला की खोली ताठ बसते.
याला चार्जिंग लागत नाही,
हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय
की मारिका ते माझ्याआधीच म्हणून टाकते.

मारिकानंच आणला तो फोन, नाताळात.
म्हणाली, बाबा, पडलात तर निदान कळेल.
म्हटलं, पडलो तर आवाज होईल.
तो गेला खणात, मोडक्या हातोड्यांखाली.
रविवारी संध्याकाळी आतून गुरगुरायचा,
बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा,
आणि मी चहा ढवळत राहायचो.
साखर केव्हाच विरघळलेली असायची.

मग मार्चमधला तो मंगळवार.
संगीतशाळा, खोली क्रमांक चार.
नऊ वर्षांची त्रीनू, मोजे ओले, पुढचा दात पडलेला,
म्हणाली, वरून तिसरी आंबट लागते.
मी हसलो. कालच जुळवली होती.
पट्टी दाबली.

लाकडाची टिचकी ऐकू आली.
पुन्हा दाबली.
लाकूड.
त्रीनूनं लिंबू चावल्यासारखं तोंड केलं,
म्हणजे स्वर होता.
खोलीत होता, तिच्या कानात होता,
माझ्या डोक्यावरून
पाखरासारखा निघून जात होता.

किती दिवस?
किती घरांत मी वरच्या तारा
नुसत्या आठवणीवर जुळवून आलो,
पैसे घेतले,
वर केकही खाल्ला?

त्या रात्री खण उघडला.
आठ दिवस शिव्या देत शिकलो.
एक सुई आहे त्यात. स्वर वाजला की थरथरते,
बरोबर लागला की हिरवी होऊन उभी राहते.
तिला म्हातारपण नाही, सर्दी नाही,
बाप नाही नादकाटा ठेवून गेलेला.
कानामागून आली आणि तिखट झाली,
असं मी म्हणालो असतो,
पण कानाचा विषय मी आता काढत नाही.

हल्ली शाळेत सकाळी साडेसहाला जातो,
झाडणारी बाई यायच्या आधी.
खालच्या सहा सप्तकांना माझा कान.
वर पोचलो की कोटाच्या खिशातून फोन काढतो,
टोपीनं अर्धा झाकून तारांजवळ ठेवतो
आणि बघतो.
कानाचं काम डोळ्यांवर.
याला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे,
आणि त्याकडेही मी तेच करतो.

शनिवारी सौनेत भाषण मात्र जुनंच:
माणसं काचेत बुडाली, ऐकणं संपलं, वगैरे.
एंडेल मान डोलावतो,
म्हणतो, तुझ्यासारखे आता उरले नाहीत.
मी गरम दगडांवर पाणी ओततो.
फुसकारा मोठा असतो,
काही बोलावं लागत नाही.

काल सुईकडे डोळे लावून होतो
आणि मारिकाचा फोन आला.
तो तसाच पियानोच्या लाकडावर, टोपीखाली.
अख्खा पियानो गुरगुरला, पोटातून,
आणि तो आवाज मला
लख्ख ऐकू आला:
पांढरी पाच, पण केसभर खाली.
म्हटलं, गड्या, तूही उतरलायस की.
इतकं बरं वाटलं
की न ठरवता
उचललाच.

पलीकडे क्षणभर काही नाही.
मग मारिका, घाबरलेली:
बाबा?
पडलात का?