आकसण्याचा हिशेब

प्राचार्यांनी तक्ता दिला, चार रकाने आखलेला:
संस्था. मंजूर जागा. प्रत्यक्ष प्रवेश. शेरा.
"इतर कॉलेजांत सिरॅमिक्सला किती मुलं बसतात
ते शुक्रवारपर्यंत कळू दे, म्हणजे ठरवता येईल."
काय ठरवायचं ते सांगितलं नाही.
महावितरणचं बिल मात्र टेबलावर सरळ करून ठेवलं,
भट्टीच्या युनिटांखाली लाल रेघ.
मी तासिका तत्त्वावरची. असो.

तर फोन.
पहिल्या ठिकाणी बाई म्हणाल्या, टाइल्स हव्यात का?
दुसऱ्या ठिकाणी वीस मंजूर,
"आलेले अकरा, फी भरलेले नऊ,
दिवाळीनंतर दिसणारे सहा.
यातला कुठला आकडा हवाय?"
खरा, मी म्हटलं.
मॅडम, चारही खरेच आहेत.
नागपूरकडच्या एका सरांनी उलट विचारलं,
तुमचं बंद करताहेत का?
मग वीस मिनिटं ग्लेझबद्दल बोलले,
राखेतून हिरवा कसा येतो, कसा येत नाही.
आकडा राहूनच गेला. मीही मागितला नाही.
शेऱ्यात लिहिलं: संपर्क झाला.

आमची माती येते थानहून, गुजरातेतून, गोणीत.
मढवीकाका आवकवहीत दरवेळी "ठाणे" लिहितात.
पाठवणारं ठाणे, घेणारं ठाणे,
जणू गाव स्वतःलाच माती पाठवतंय.
कोलशेतच्या या रस्त्यावर दोन्ही बाजूंना
तीस-तीस मजले उभे राहिलेत,
पाया खणताना निघालेली माती
डंपर कुठे नेतात कुणास ठाऊक.

पहिल्या आठवड्यात मुलांना पट्टी करायला लावते,
ओल्या मातीची, वर दहा सेंटिमीटरची खूण.
वाळली की साडेनऊच्या आत.
भाजली की पावणेनऊ.
फिरदोस अंतुलेनं विचारलं होतं,
मग उरलेलं गेलं कुठे?
बरंचसं पाणीच होतं ते, मी म्हटलं.
माती आकसते, मनात आकस न धरता.
म्हणून हवा तेवढा कप हवा असेल
तर आधी थोडा मोठा घडव.

हे मंजूर जागांनाही लागू असावं.
कुणीतरी वीस लिहिलं तेव्हा
त्याच्या डोळ्यांपुढे नऊच जण असतील.

आमच्याकडे मंजूर पंधरा. प्रत्यक्ष सात.
सातांतली ऋग्वेदा जानेवारीपासून
मुलुंडला मोबाइलच्या दुकानात उभी असते.
पण फळीवरची भांडी उलटी करून पाहिली
तर बुडाखालच्या खुणा आठ जणांच्या.
आठवी: एक उभी रेघ, दोन टिंबं.
रात्रपाळीचे ठोंबरे निघाले.
तीन वाट्या, एक तडकलेली.
"उरलेल्या चिखलाच्या आहेत मॅडम,
हिशेबातली माती नाही ती."

गुरुवारी हजेरीपट काढायला कपाट उघडलं
तर बिजागरीला कुंभारीण माशीचं घर,
आमच्याच चाकाखालच्या राखाडी मातीचं.
चार कोठड्या. एक अजून उघडी.
लहानपणी ऐकलं होतं, ती कुठलाही किडा आत कोंडते,
त्याच्यापाशी गुणगुणत राहते,
आणि एक दिवस तो कुंभारीण होऊन बाहेर पडतो.
खोटं आहे. किडा पिल्लाचं खाणं असतो.
तरी अकरा वर्षं
मी त्याच समजुतीवर मानधन घेतेय.

कपाट अर्धंच लावलं.
तेवढ्यात फोन. कोल्हापूरकडचा कुणी मुलगा,
आवाज नव्या नोकरीचा.
"मॅडम, तुमच्याकडे सिरॅमिक्सला किती विद्यार्थी?
आमच्या सरांना तक्ता भरायचाय."

खिडकीतून भट्टी दिसत होती,
काट्यावर नऊशे चाळीस, अजून चढत.
आत सात जणांचं, आठ जणांचं,
कुणाचं काय फुटेल ते आज कुणालाच माहीत नाही.

भट्टी उघडल्याशिवाय सांगता येत नाही, मी म्हटलं.
तो हसला नाही.
"कधी उघडेल?"
हात लावण्याइतकी निवली की. परवा.
"मग परवा करतो," तो म्हणाला,
आणि बहुधा लिहूनही घेतलं त्यानं,
शेऱ्याच्या रकान्यात.