भांगाचे दिवस

कान तपासायचे ते भांगाच्या दिवसांत,
हा नियम डॉक्टर केंकऱ्यांचा.
उधाणात देवगडच्या दवाखान्यात
खिशातलं घड्याळ खिशालाही ऐकू जात नसे.
म्हणून मी, कंपाउंडर, पंचांग बघून
बहिऱ्यांना तारखा द्यायचो:
अष्टमी, नवमी, ओहोटीला, वारा पडला की.

हत्यारं चार, पानाच्या जुन्या डब्यात.
घड्याळ.
दोरी, हाताहातावर गाठ मारलेली.
पोलादी चिमटा, गुडघ्यावर आपटला की गुणगुणणारा
(बंदरावरच्या शिपायाला तो साहेबाचा जेवायचा काटा वाटला होता).
चौथं हत्यार डब्यात मावत नसे. माझा आवाज.
पडद्याआडून मी कुजबुजायचो.
पुस्तकातले शब्द परके, म्हणून माझे घेतले:
पेडवा, सौंदाळा, मुडदूस, तिसऱ्या.
वहीत नोंद: सौंदाळा सहा हात, पेडवा दोन, तिसऱ्या नाहीत.
पुढे बदलून आलेले डॉक्टर म्हणाले,
ही बाजाराची वही इथे कशी?

मुंबरीचा भिवा कोयंडे आला.
घड्याळ कानाला टेकवलं तरी मान हलेना.
चिमटा समोर धरला. काही नाही.
मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर रोवला,
तर भिवा हसला.
"ह्यां आमका ठावक आसा.
वल्ह्याचो दांडो दातांत धरूचो, पातां पाण्यात.
तळाक घोळ बोलता, ता हाडात येता."

दुसऱ्या पहाटे भिवाच्या होडीत
बूट काढून, वल्हं चावत बसलेले डॉक्टर
मी धक्क्यावरून पाहिले.
परतले ते बराच वेळ गप्प. मग वहीत लिहिलं:
हवेतून नाही, हाडातून आहे.
दार फुगलंय. घरात माणूस जागा आहे.

पुढे मुंबईहून खोका आला, काळ्या बटणांचा, बॅटरीवरचा.
कागदावर कानाची रेघ काढायचा,
घाटीसारखी उतरत जाणारी.
चांगलं यंत्र. पंचांग सुटलं माझं.

पण भिवाच्या वेळी ते नव्हतं.
त्याची लेक चंद्रभागा दाराशी उभी होती, तिनं विचारलं,
"माझा बोलणां त्येका कसां जायत?"
उत्तर कुणी दिलं नाही.
तिनंच कोपऱ्यातली पडद्याची काठी काढली,
एक टोक बापाच्या दातांत दिलं,
दुसरं स्वतःच्या गळ्याला लावलं
आणि काहीतरी बोलली.

मी चार हातांवर होतो, कान शाबूत.
मला एक अक्षर कळलं नाही.
भिवानं मान डोलावली.